सामान हॅम्बुर्गला, मी भोरला

लोकांकडे ऑफिसचे किस्से साठतात, माझ्याकडे व्हिसाचे साठलेत. सांगायला लागले की मैत्रिणी पोट धरून हसतात. हसा बापडे! मला मात्र राग आहे, आणि तो आधीच सांगून ठेवलेला बरा.

संदेश, म्हणजे माझा नवरा, नोकरीसाठी जर्मनीत हॅम्बुर्गला गेला. घरसामान न्यायचा खर्च कंपनी देणार, पण पहिल्या तीन महिन्यांतच न्यायचं, अशी अट. म्हणून सामान जहाजाने पुढे गेलं. माझा व्हिसा 'आज-उद्या' येणार होता, म्हणून मी पतपेढीतली नोकरी सोडली. त्याला पाच महिने झाले. भोरच्या दोन खोल्यांत आता मी, एक चटई आणि एक पातेलं असे राहतो.

*

पॅकिंगवाले पुण्याहून आले होते. प्रत्येक वस्तू यादीत इंग्रजीत लिहायची, असा नियम. त्यांचा सुपरवायझर पोळपाट हातात घेऊन उभा.

"मॅडम, याला इंग्लिशमध्ये काय लिहू?"

"काहीही लिहा हो, टेम्पो खोळंबलाय!"

त्याने लिहिलं, 'लाकडी गोल टेबल, तीन पायांचं'. दोन महिन्यांनी तिकडच्या कस्टम ऑफिसातून मेल आली, की टेबलाच्या खुर्च्या यादीत दिसत नाहीत, त्या कुठे आहेत? संदेशला त्याचं हसू आलं. मी फोन कट केला.

*

शेजारच्या काकू रोज संध्याकाळी दारात येतात आणि तोच प्रश्न विचारतात.

"अगं, अजून इथेच?"

महिनाभर मी गोड बोलले. मग एक दिवस म्हटलं, "नाही काकू, मी केव्हाच गेले. ही दुसरीच कोणीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी गल्लीभर बातमी, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय! त्यानंतर त्या दोन दिवस आल्या नाहीत, तेवढीच शांतता मिळाली.

*

घरमालकांना मी खोल्या सोडणार असं सांगून बसले होते. ते नवे भाडेकरू दाखवायला आणतात. मी चटईवर बसलेली असते आणि ती माणसं माझ्याभोवती फिरतात.

परवा एक बाई म्हणाल्या, "किती मोकळं आणि हवेशीर घर आहे हो!"

"तुमचंही सामान जहाजावर चढवा," मी म्हटलं, "अस्संच हवेशीर होईल!"

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, जरा सबुरीने घ्या.

*

व्हिसाचं काम बघणारा एजंट पुण्यात बसतो. फोन उचलला की पहिलं वाक्य, "मॅडम, रिलॅक्स!" चौथ्या महिन्यात मात्र तो म्हणाला, "मॅडम, मॅरेज सर्टिफिकेट ओरिजिनल लागेल. झेरॉक्स चालणार नाही."

मी कपाट उघडायला उठले. कपाट हॅम्बुर्गला! सर्टिफिकेट जपून राहावं म्हणून मी स्वतःच्या हाताने ते पैठणीच्या घडीत ठेवलं होतं. हा शहाणपणा माझाच, त्याचं खापर कोणावर फोडू? दुसरी प्रत काढायला नोंदणी कार्यालयात गेले, तर अर्जावर दोघांची सही हवी म्हणाले.

संदेश फोनवर म्हणाला, "चिडू नकोस गं. खोके बंदरावर आलेत, आठवड्यात सुटतील. मी लगेच कुरिअर करतो. इथली माणसं फार शिस्तीची आहेत."

"मीपण शिस्तीतच चिडतेय!"

त्या एका आठवड्याचे पाच आठवडे झाले.

*

गेल्या रविवारी सासूबाई मार्गासनीहून एसटीने आल्या, मेथीच्या चार जुड्या घेऊन. चटईवर बसून निवडत होत्या, तेवढ्यात संदेशचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"खोके का अडवलेत ते कळलं," तो म्हणाला. "यादीत लिहिलंय, एकोणीस स्टीलचे डबे, रिकामे. कस्टमवाल्यांनी उघडले, तर प्रत्येकात मूठभर तांदूळ! परवानगीशिवाय धान्य आणलं म्हणून सगळंच सामान अडकवून ठेवलंय. कोणी घातले तांदूळ?"

मी नाही घातले. आणि पॅकिंगच्या दोन दिवसांत भांड्यांपाशी एकच माणूस बसून होतं.

सासूबाईंनी मान वर केली. "म्या घातलं. सुनंच्या नव्या घरी रिकामं डबं धाडायचं व्हय? आपल्या खाचरातली इंद्रायणी हाय ती, इकतची न्हाई."

पाच महिन्यांचा राग एकदम वर आला. "आई, त्याच सामानात माझा कागद आहे! कागद नाही म्हणून व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणून मी ही अशी बसलेय! नोकरी गेली, घर गेलं, नवरा फोनमध्ये राहतो, आणि हे सगळं मूठभर तांदळापायी?" बोलता बोलता मला रडूच फुटलं.

सासूबाईंनी पदराला हात पुसले, माझ्या हातातला फोन घेतला आणि तोंडासमोर धरला.

"संदेश, त्या सायबास्नी सांग, भात करून पोटभर खावा म्हनावं. अन् माझ्या सुनंचा कागद तेवढा धाडा."