देवासमोर कबूल केलेलं मशीन

देवाला कबूल केलेली वस्तू प्लायवूडची निघाली, असं तुमच्यापैकी कुणाचं झालंय का? नसेलच झालं. म्हणून म्हणतो, चहा घ्या आणि निवांत ऐका. हसू आलं तर हसा. आमच्या घरात सगळे हसून झालेत, आता तुमचा नंबर.

मी रोजनिशी लिहिणारा माणूस. कुठलीही गोष्ट आधी मोजायची, आखायची आणि मग करायची, हा स्वभाव. अशा माणसाच्या हातून गाढवपणा होतो तेव्हा तोही अगदी मापात होतो, एवढंच.

गोष्ट एका सॅम्पलरची. सॅम्पलर म्हणजे दिसायला कीबोर्डच, पण पोटात तयार सूर नसलेला. तुम्ही त्याला आवाज ऐकवायचा, मशीन तो लक्षात ठेवणार आणि मग पट्ट्यांवर तुम्हाला वाजवून दाखवणार. आम्ही तरुणपणी आईच्या कुकरची शिट्टी त्यात भरली होती आणि सारेगमप शिट्टीत वाजवलं होतं. आई दोनदा गॅस बंद करायला उठली.

हे मशीन माझा मित्र युसूफभाई कुवेतहून घेऊन आला होता. शेजारच्या राजिवड्यातला युसूफभाई. तिकडे नोकरीला होता तेव्हा कुणीतरी विकायला काढलेलं त्याने घेतलं आणि सुट्टीवर येताना कपड्यांऐवजी तेच बॅगेत घातलं. घरच्यांनी अत्तराची वाट बघितली आणि बॅगेतून हे निघालं. शेवटी ते माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच म्हातारं झालं. खाऱ्या हवेने बटणं गंजली, फ्लॉपी घालायच्या फटीत पालीने अंडी घातली. तरी मी आमच्या वाडीच्या भजनात त्याच्यावरच साथ करायचो.

गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी देवळाच्या वर्धापनदिनाला काय झालं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचे भजनीबुवा म्हणजे तात्या. आवाज असा की पलीकडच्या कलमांच्या बागेतला राखणदार मान डोलवायचा. पण मोठ्या आजारपणानंतर त्यांचा आवाज अभंगाच्या मध्येच अर्धा सूर खाली उतरायला लागला. त्या दिवशीही उतरला. आता मी शिकलो माझा मीच, त्यामुळे माझी बोटं एकाच जागेवरून वाजवतात. सूर बदलायचा तर मला बटण दाबावं लागतं. ते बटण मी शोधत बसलो, मशीनने पडद्यावर भलतीच पाटी दाखवली, आणि भरल्या देवळात तात्या तोंड उघडं ठेवून उभे राहिले. मग त्यांनी टाळ खाली ठेवले.

तात्या बाहेर पडताना म्हणाले, "अनंता, फुडच्या वर्षी एकदा बगूया. नाय जमलां तर टाळ दुसऱ्याच्या हातात देऊया."

हे माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं. त्यात यंदा सॅम्पलरने कायमचे डोळे मिटले. बटण दाबलं तर दिवासुद्धा लागेना.

आणि नेमकं त्याच सुमारास युसूफभाईचा फोन. "अनंता, ऐक. आपलं मशीन ती कंपनी परत काढणार म्हणतात. जुन्या लोकांना विचारतायत, नव्यात काय काय पाहिजे. आपण फोटो आणि माहिती पाठवूया."

आता मला सांगा, आयुष्यात पहिल्यांदा परदेशातली कंपनी तुमचं मत विचारते आहे, तुम्ही दोन ओळी लिहून मोकळे व्हाल? मी नाही झालो. मी पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली सोय अर्थातच तात्यांसाठी: बुवांचा सूर उतरला की मशीनने ओळखून आपोआप उतरायचं. दुसरी, लाईट गेली तरी वाजलं पाहिजे. आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते आणि वारा पडला की ती कुठे गेली ते शोधायला माणूस जातो. तिसरी, पाट्या आणि बटणांचं जंजाळ नको. चौथी युसूफभाईची: खाऱ्या हवेत टिकलं पाहिजे. आमच्या सौ., म्हणजे सुनंदा, स्वयंपाकघरातून म्हणाली, "कप ठेवायला जागा करा. मागच्या मशीनमध्ये तुम्ही चहा सांडलात आणि नाव पालीचं घेतलंत." तीही जागा काढली. आत ओल धरू नये म्हणून तांदळाची पुरचुंडी ठेवायला खोल कप्पा काढला. त्या कप्प्यामुळे मशीन चांगलंच जाड झालं, पण म्हटलं, असू दे, भारदस्त दिसेल.

इथपर्यंत ठीक होतं. पण कागदावरचं चित्र मला पटेना. पट्ट्या हाताला नीट येतात का, हे हात ठेवल्याशिवाय कसं कळणार? म्हणून शंकर सुताराकडून त्याच मापाचं प्लायवूडचं खोकं करून घेतलं. पट्ट्या रंगवल्या, जुन्या रेडिओची बटणं चिकटवली आणि सगळ्याला काळा चकचकीत रंग दिला. पडवीत वाळत ठेवलं तेव्हा माझं मलाच खरं वाटायला लागलं.

आणि नेमके नाना आले.

नाना म्हणजे आमच्या देवळाचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. ते खोक्याभोवती एक फेरी मारून आले.

"नवीन पेटी आणलास?"

"हो, म्हणजे..."

"ही काय काय करता?"

इथे मी चुकलो. कल्पना सांगताना माणसाने 'करेल', 'येईल' असं बोलावं. मी रंगात आलो आणि सगळं आत्ताच होत असल्यासारखं बोललो. म्हटलं, "नाना, तात्यांचा सूर उतरला की ही बरोबर उतरते. लाईट गेली तरी चालते. खारी हवा लागत नाही."

नानांनी हात पुढे केला. मी ओरडलो, "हात नका लावू, ओली आहे अजून."

दुसऱ्या कुठल्या गावात माणसाला संशय आला असता. आमच्याकडे वस्तू ओली असणं हा संशय घेण्यासारखा प्रकार नाही. नानांनी आदराने हात मागे घेतला आणि गेले. मला वाटलं, खोकं बघून समजलं असेल. समजावून सांगायचं माझ्या मनातच आलं नाही.

मग आला सोमवार. वर्धापनदिनाआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आमचं गाऱ्हाणं तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो: नाना देवासमोर उभे राहून वाडीच्या वतीने एकेक मागणं मोठ्याने बोलतात, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी आम्ही सगळे एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा." लहानपणापासूनची सवय. नानांचा आवाज शेवटाला चढून थांबला की आमची तोंडं आपोआप उघडतात. त्यात काय बोललं गेलं ते ऐकायची गरज पडत नाही. आजवर पडली नव्हती.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमलीत, त्यांच्या पाठीशी उभा ऱ्हा."

"व्हय म्हाराजा."

"कुणाच्या घरात आजारपान असंल, ता दूर कर."

"व्हय म्हाराजा."

माझं लक्ष नव्हतं. मी डोळे मिटून विचार करत होतो की आवाजाचं बटण उजवीकडे बरं की डावीकडे. तसा मी देवळात मनापासून ओरडणारा माणूस. नाना थांबले की मी, नाना थांबले की मी. उजवीकडेच बरं, असं ठरलं तेव्हा नारळ फुटला. लोक माझ्याकडे बघून हसत होते, कौतुकाने.

तात्यांनी माझा हात धरला. "अनंता, देवासमोर कबूल केलास. आता माका काळजी नाय."

"काय कबूल केलं?"

"नवीन पेटी वाजवशील म्हनून. सगळ्यात मोठ्यान तर तूच बोललास."

मी सुनंदाकडे बघितलं. ती बायकांच्या बाजूला उभी होती आणि तिने कपाळाला हात लावला होता.

पण अजून संपलं नव्हतं. पुढच्या मागण्यात नानांनी देवाला असंही सांगितलं होतं की, आता नवीन पेटी आली आहे, तर मंडळाची जुनी हार्मोनियम, माझ्या सॅम्पलरच्या आधी तात्यांच्या साथीला असायची ती, खालच्या वाडीला देतो, त्यांची उंदरांनी खाल्ली आहे. त्यालाही मी "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं. सुनंदा म्हणते, पहिल्यापेक्षा मोठ्याने. खालच्या वाडीने टेम्पो तयारच ठेवला होता. मी चपला शोधेपर्यंत हार्मोनियम उतारावर पोचली होती.

म्हणजे हिशोब बघा. सॅम्पलर मेला. हार्मोनियम गेली. तात्या माझ्या भरवशावर. आणि माझ्या पडवीत एक चकचकीत खोकं, ज्यात कप ठेवायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी नानांकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"प्लायवूड?" ते म्हणाले.

"हो."

"मग ती ओली व्हती ती?"

"रंग होता."

पुन्हा झोपाळा. मग म्हणाले, "देव समजून घेईल रे. त्येका नव्याजुन्याचां काय? पन बोलल्याप्रमानं वाजली पायजे. कशी ती तू बग."

मी युसूफभाईच्या स्कूटरवर बसून खालच्या वाडीत गेलो. दिलेली वस्तू परत मागता येत नाही, पण एका संध्याकाळपुरती उसनी मागता येते. तिथल्या म्हाताऱ्या बुवांनी सगळं ऐकून घेतलं, पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाले, "म्हंजे आमची पेटी तुमच्या खोक्यात बसनार. देताव. पन बगायला आमी सगळी येनार."

पेटी घेऊन परत आलो. नवीन पेटी वाजवायचं कबूल केलं होतं, तेव्हा निदान बाहेरून तरी नवीन दिसली पाहिजे. शंकरने खोक्याच्या वरच्या फळीचा मधला भाग कापला. तांदळाच्या पुरचुंडीसाठी काढलेल्या त्या खोल कप्प्यात हार्मोनियम अशी बसली, जणू तो तिच्याच मापाने केला होता. मागची फळी काढून भात्याला जागा केली. आता राहिली एकच अडचण, सूर उतरवायचं बटण. हार्मोनियमला ते नव्हतंच.

मग काय, बसलो. काळी दोनवरून पांढरी दोन, पांढरी दोनवरून काळी एक, म्हणजे दर वेळी अर्धा सूर खाली. वर्धापनदिनापर्यंत सकाळ-संध्याकाळ तेच. जे मी इतकी वर्षं बटणावर ढकललं होतं, ते बोटांना शिकवत बसलो. सुनंदा स्वयंपाकघरातून तात्या होऊन गायची आणि मुद्दाम मध्येच सूर उतरवायची. फार आनंदाने उतरवायची.

वर्धापनदिनाला देऊळ भरलं. खालची वाडी पुढे येऊन बसली होती, म्हणजे आमच्या वाडीलाही एव्हाना सगळं कळलं होतं. पण एकजण हसेल तर शपथ. युसूफभाई मंडपात खांबाला टेकून बसला होता. तात्यांनी अभंग धरला. सुरुवात छान. अर्ध्यावर आल्यावर मी त्यांच्या गळ्याकडे बघितलं. शीर जराशी ताणली, आवाज खाली सरकला. माझी बोटंही सरकली. तात्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले. पुढच्या कडव्याला आणखी एकदा सरकले. मीही सरकलो. मग वारा सुटला, लाईट गेली, समया तेवढ्या राहिल्या, आणि भजन जसंच्या तसं चालू राहिलं.

शेवटी तात्यांनी टाळ खाली ठेवले नाहीत. छातीशी धरले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माझी जुनी पेटी मी वळखनार नाय काय रे? फुडच्या वर्षी पन हीच आन."

प्रसाद वाटून झाल्यावर युसूफभाई माझ्याशेजारी येऊन बसला. 

"अनंता, कंपनीला काय पाठवायचं ते मी जरा मनात घोळवत होतो. बुवांच्या सुराबरोबर उतरणारी. बरोबर?"

"हो."

"लाईट गेली तरी चालणारी. पाट्या नाहीत, बटणांचं जंजाळ नाही. आपल्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं टिकलेली."

तो कुठे चाललाय ते मला दिसायला लागलं होतं. पण एव्हाना त्याने नानांसारखा आवाज चढवला होता.

"म्हणजे एवढी मापं घेऊन, एवढं प्लायवूड कापून, एवढा रंग लावून, शेवटी तू हार्मोनियमचाच शोध लावलास. आणि खरी होती ती देऊन टाकलीस."

आणि तो थांबला. नाना थांबतात ना, तसाच.

काय करणार? लहानपणापासूनची सवय. तोंड आपोआप उघडलं.

"व्हय म्हाराजा."