एक मात्रा उशिरा

दाद तोंडात आली की देऊन टाकायची, ही आमची सवय. ती सगळ्यांनाच असते असं मला डीटर भेटेपर्यंत वाटायचं.

डीटर आमचे जर्मन पाहुणे. तिकडच्या एका वर्तमानपत्रात पस्तीस वर्षं मैफलींवर लिहून निवृत्त झालेले. सकाळच्या बैठकीला ते माझ्या शेजारी वही-पेन्सिल सरसावून बसले. गायिका समेवर आली, मागून जोगकाका "वा!" म्हणाले आणि डीटर दचकले.

मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "आमच्याकडे असं मध्येच बोललं तर लोक डोळे वटारतात. समीक्षकानं तर चेहराही हलवायचा नाही."

"मग आवडलं तर?"

"दुसऱ्या दिवशीच्या पेपरात लिहायचं."

नंतर एका लांबलचक तानेनंतर गायिका अलगद समेवर उतरली. सगळी बैठक "वा!" म्हणून गप्प झाली आणि त्या शांततेत डीटरांचा एकट्याचा "वा!" आला. लोक हसले. गायिकेनं मात्र त्यांच्याकडे बघून मान लववली.

"उशीर झाला," लालबुंद होत ते पुटपुटले.

कसला उशीर! पस्तीस वर्षं या माणसाची दाद दुसऱ्या दिवशी पोचत होती. आज फक्त एक मात्रा चुकली होती.