सलीमच्या जनावरांची हाडं

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटनांदूरला शाळेत सातवीच्या मुलांना प्राणी शिकवत होतो. फळ्यावर मी काढलेल्या घोड्याचा मागचा पाय चुकला होता. तो पाहून शिव्या घालणारा माझा एकुलता एक मित्र अंबाजोगाईच्या दवाखान्यात संपला होता… मुलांना सुट्टी दिली आणि तसाच उभा राहिलो.

सलीम मोबाइलवरच्या गेमसाठी जनावरं काढायचा. जगात नसलेली जनावरं, पंखवाले बैल, दोन शेपट्यांचे लांडगे. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, त्यामुळे असेल, कुठलीही गोष्ट आतून कशी चालते हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आम्ही शेळ्या-मेंढ्यांवाले. बाजारात शेळी बघताना आधी पाठीवरून हात फिरवतो, कण्याशेजारचं मांस बोटांनी चाचपतो, मग दात बघतो. सलीमनं हे माझ्या वडिलांकडून उचललं आणि बाजारभर नुसता चाचपत हिंडू लागला. एक व्यापारी शेवटी वैतागला. "तुमाला घ्यायची हाय का न्हाई?" "न्हाई मामा, पंख लावायचेत तिला," हा गंभीरपणे म्हणाला. त्या माणसानं शेळी ओढून मागं घेतली.

पंखांवरूनच सगळं झालं. पुण्याच्या एका कंपनीला उडणारा बैल हवा होता. सलीम आजारी पडला होता, दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तरी महिनाभर तो त्या बैलाच्या खांद्यात, फऱ्याच्या चपट्या हाडात अडकला. "पुढच्या पायाला एक फरा लागतो, पंखाला दुसरा लागंल. आन् पंख हलवायचं मांस कुटं चिकटवू बे? कोंबडीसारखं छातीला उभं हाड पायजे." त्यानं तसा बैल केला. पुढं आलेली खोल छाती, बोजड, पण बघताच वाटायचं की हा उडेल. कंपनीला तो कुरूप वाटला. त्यांना सडपातळ हवा होता, पाठीवर पंख डकवलेला. सलीमनं चिडून तसाही एक करून ठेवला, दाखवायला, की बघा, हा मेलेला आहे.

शेवटच्या दिवसांत त्याला बसवत नव्हतं. त्यानं मला घरी त्याच्या कॉम्प्युटरवर बसवलं. "माझा धाड. त्यांना न्हाई आवडला तर काम गेलं, जाऊ दे." मी सडपातळ धाडला. काम सुटलं तर हा खचेल, आठ दिवसही काढणार नाही, एवढंच डोक्यात होतं. आणि तोंड वर करून सांगितलं, तुझा गेला.

आता तो गेम आलाय. त्या मेलेल्या बैलाखाली सलीमचं नाव आहे. गावातली पोरं तोच स्टेटसला लावून श्रद्धांजली वाहतात. मी कंपनीला चार वेळा लिहिलं, हात जोडले, बदला म्हणालो. आता काही होत नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं. माझ्या हातून हे कसं झालं, मला कळत नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोकडे, रेहाना भाभींकडे गेलो आणि सगळं कबूल केलं.

"त्यांना ठावं होतं, भाऊ. तुमी धाडलं त्याच रात्री त्यांनी मोबाइलवर मेल उघडून बघितलं."

"मग मला बोलला कसा नाही?"

"मी म्हनले, फोन लावू का? तर म्हनले, नको. त्यो सोताहून सांगंल."

बैल धाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं डायलिसिस होतं, तेव्हा मी दवाखान्यात गेलो होतो. त्यानं माझा हात धरून विचारलं होतं, "छाती बराबर दिसती ना बे?" मी म्हणालो, "लई भारी." तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, वाट बघितल्यासारखा… मी त्याला सफरचंद कापून दिलं.