वहिनीची झोप

माझी वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. रोग्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिच्या हाताखालून जातं. चादरीचे दोन कोपरे हातात, मधला काठ हनुवटीखाली, की एका झटक्यात घडी तयार. घरचे टॉवेलसुद्धा असे ठेवते की ओढून घ्यायला जीव होत नाही. बोलणं मात्र बेताचं. दादा म्हणतो, "हिच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं."

लेक लहान असताना दिवसा घरी असावं म्हणून तिने रात्रपाळी मागून घेतली होती. लेक कॉलेजात गेली, पाळी तशीच चिकटून राहिली. मधल्या सुट्टीत तिथेच, कपडे वाळवायच्या यंत्राशेजारी, गाठोड्यावर डोकं टेकून पडायची. सकाळी घरी आल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांच्या कलकलाटात डाराडूर.

यंदा तिथल्या मोठ्या बाईंना दया आली आणि त्यांनी तिला दिवसपाळी दिली. आम्हाला कोण आनंद! "आता माणसासारखी रात्री झोपशील," मी म्हटलं. आणि तेव्हापासूनच तिची झोप गेली. डोळ्यांखाली काळं, हाका माराव्यात तर दुसऱ्या हाकेला ओ. दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं. मग एके दिवशी इस्त्रीच्या रुळापुढे तिला उभ्याउभ्या डुलकी लागली. शेजारी काम करणाऱ्या बाईने मागे ओढली म्हणून बोटं वाचली. मोठ्या बाईंनी सांगितलं, "आठवडाभर घरी राहा. झोप घेऊन या. अशाच आलात तर मला यंत्रापाशी उभं करता येणार नाही."

म्हणजे कामच गेलं. यंत्राशिवाय तिथे दुसरं आहे काय?

भाचीने मग तळ्याकाठची तंबूंची जागा शोधून काढली. फोटोत निळं पाणी, पांढरे तंबू. खाली लिहिलेलं, संपूर्ण शांतता. दादा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, तीच काढली. मी शेजारच्या गल्लीत एकटी राहते, मलाही गाडीत घातलं.

पोचलो तर मॅनेजर हसतमुखाने पुढे आला.

"तळं कुठंय?" दादाने विचारलं.

"हे काय! सध्या पाणी जरा कमी आहे."

"जरा? यात बदक उभं राहिलं तरी पाय कोरडे राहतील."

"पण शांतता बघा साहेब. गाड्या लांब उभ्या करतो आम्ही. पान हलल्याचा आवाज नाही."

आम्ही मुद्दाम सगळ्यात टोकाचा तंबू मागून घेतला, हिला कुणाची चाहूल नको म्हणून. तंबूला बुरशीचा वास, चेन तुटलेली. वहिनीने पदराची पिन काढून ती बंद केली. मग चादर नाकाशी धरली. "साबण राहिलाय यात," म्हणाली आणि सगळ्या चादरी उचलून नळावर गेली.

"आई, तू सुट्टीवर आलीयेस!" भाची ओरडली.

"अंगाला खाज सुटली की कळेल सुट्टी."

गरम पाण्याची बादली पाळीपाळीने. जेवण गार. जाहिरातीतली एकच गोष्ट खरी निघाली, ती शांतता. सकाळी वहिनी तंबूबाहेर गुडघ्यांना मिठी घालून बसलेली दिसली. डोळे लाल.

"लागली का गं?" मी विचारलं.

"कसली लागतीय, वन्सं. इतकं गप्प आहे की माझंच रक्त मला ऐकू येतंय."

मी देवाचं नाव घेतलं. दुसरं काय होतं माझ्या हातात?

दुपारी जेवून हात धुवायला म्हणून गेली ती आलीच नाही. भाची तळ्याकडे धावली, मी न्हाणीघरांकडे. मागच्या बाजूला पाण्याच्या पंपाची बुटकी खोली होती, मोटर घरघरत होती. दार अर्धं उघडं. आत वहिनी फरशीवर, भिंतीला पाठ, तोंड किंचित उघडं. मी वाकून तिच्या नाकापुढे बोट धरलं. मग ती घोरली.

मी दादाला हाताने बोलावलं. तो आला, बघत राहिला. त्या घरघरीत वहिनीचा चेहरा कसा मोकळा सुटला होता! हा चेहरा आम्ही कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. आणि कोडं माझ्या डोक्यात एकदम उलगडलं. हिची झोप यंत्रांच्या आवाजात वाढलेली. रात्री घर गप्प म्हणून तर हिचा डोळा लागत नव्हता, आणि आम्ही हिला उचलून आणलं थेट मुक्या रानात.

तेवढ्यात मॅनेजर आला आणि खटकन बटण बंद केलं.

वहिनीचे डोळे टक्क उघडे. "बंद का केलं? चादरींची खेप व्हायचीय अजून," म्हणाली. मग आम्हाला बघून ओशाळली.

"चालू करा हो परत," दादा म्हणाला.

"साहेब, टाकी भरली. वाहून जाईल."

"मग मी टाकी रिकामी करतो!"

"तळं बघितलंत ना? असं पाणी सांडवलं तर उद्या तोंड कशाने धुवायचं?"

दादाने त्याच्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. "चला, पिशव्या भरा."

"आजची रात्र बाकी आहे तुमची," मॅनेजर म्हणाला.

"ती तुम्ही झोपा."

व्हॅन जुनी. मुलांचे आईबाप तिच्या आवाजाला नावं ठेवतात. पहिलं वळण यायच्या आत वहिनीचं डोकं खिडकीला टेकलं. मला नुसता थकवा आला होता, तंबूचा नव्हे, आमच्या प्रेमाचा. सुख द्यायला निघालो आणि बाईची झोपच काढून घेतली.

"उद्या मोठ्या बाईंना भेटतो," दादा हळूच म्हणाला. "रात्रपाळीच परत द्या म्हणतो."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

त्याने आरशात एकदा वहिनीकडे पाहिलं.

संध्याकाळी घरापुढे आलो. दादाने ब्रेक दाबला, किल्लीला हात लावला नाही. इंजिन धडधडत राहिलं. वरच्या मजल्यावरचे मास्तर गॅलरीत आले.

"अहो, बंद करा ते धूड!"

"माणूस झोपलंय, मास्तर!"

"मग बंदच करा ना!"

दादाने गिअर टाकला, गाडी पुढे घेतली.

"बाबा, घर गेलं मागे," भाची म्हणाली.

"जाऊ दे. ते कुठं पळतंय?"

डिझेलचा काटा तांबड्याला टेकला होता. मी पदराखाली हात जोडले. देवा, आज एवढं पुरव. चौकातून वळून आम्ही त्याच रस्त्याला पुन्हा लागलो. वहिनीने झोपेतच मांडीवरच्या टॉवेलचे दोन कोपरे पकडले आणि तसेच धरून ठेवले.