पडले, पाडले नाहीत

"किती पाडलेस गं? तीन? आणि आता चौथं घेऊन आलीस?"

डॉक्टर मॅडम एवढ्या जोरानं बोलली का बाकावरच्या साऱ्या बाया मान वळवून पाहाले लागल्या. माही सून सुजाता स्टुलाच्या कडेवर बसली होती. डोक्यावर पदर, मान खाली. मी दाराशी उभा होतो. पोरगा ट्रक घेऊन रायपूरले गेलेला, अन् बायको मागच्या वर्षी मेली. मंग कोण येईल? मीच आलो, सासरा, बायांच्या ओपीडीत. लाइनमधली एक म्हातारी तर हसली बी, "सासू भेटली नाही का वं? बुढा आणला!"

सुजाताचे तीन पडले. तिन्ही तिसऱ्या महिन्यात. आता चौथ्यांदा दीड महिना झाला. आमच्या वस्तीतल्या डॉक्टरबाईनं चिठ्ठी देली. म्हणाली, "तीनदा झालं म्हणजे नुसतं नशीब नाही. रक्तात काही असू शकते. मोठ्या दवाखान्यात तपासण्या करा. तिसरा महिना लागाच्या आत."

तवापासून मले भेव लागून राहिलं. चाळीस वर्सं इतवारीच्या बाजारात हमाली केली. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढलो, कधी भेलो नाही. आता संडासची कडी वाजली का छातीत धस्स होते. सुजाता आत गेली का मी अंगणात बसून राहतो. बाहेर आली का तोंड तिकडं करतो, जसं काही पाहिलंच नाही.

केसपेपर मॅडमच्या हातातच होता. आडनाव वाचलं, परत एकदा वाचलं. मंग बाजूच्या शिकाऊ डॉक्टरले म्हणाली, "यांच्यात असंच. सासऱ्याला नातू पाहिजे असेल." अन् माह्याकडं पाहून, "काय रे बाबा? मुलगी होती म्हणून पाडायला लावलंस? पोलिसात देऊ?"

पोलीस म्हणल्यावर माह्या तोंडून "नाही जी" एवढंच निघालं, तेही अर्धं.

"मग ही का बोलत नाही? दातखीळ बसली का?"

आता तिले काय सांगू? आमच्या घरात सून सासऱ्यासमोर असं बोलत नाही. पोटाचं, पाळीचं, काहीच नाही. तिची चुप्पी माह्या मानासाठी होती. मॅडमले ती गुन्ह्याची वाटली.

तिथं उभ्या-उभ्या मले माही बायको आठवली. पोरगा व्हायच्या आधी तिचेही दोन पडले. दुसऱ्या वेळी डॉक्टरसाहेब मले म्हणाला, "तुमच्या लोकांना खायची-प्यायची अक्कल नाही, मग असंच होणार." मी हात जोडले अन् "हो साहेब" म्हणलं. बायको आत पडून होती, मी बाहेर तंबाखूचा खर्रा चावत होतो. घरी येताना रिक्षात तिनं विचारलं, "काहून पडला, विचारलं का तुमी?" मी नव्हतं विचारलं. तिनं परत कधीच विचारलं नाही. मरेपर्यंत नाही.

मी आत गेलो. टेबलावरचा केसपेपर उचलला. माही शाळा चौथीपर्यंत. एक-एक अक्षर लावतो तवा वाचता येते. कोऱ्या जागेत खिडकीवरच्या बाबूनं लिहिलं होतं, 'तीन वेळा पाडले.' मी त्याले 'पडले' सांगितलं होतं. त्यानं वर न पाहता एक काना जास्त मारला.

"मॅडम, हा काना खोडा."

"काय?"

"पडले आहे. पाडले नाही. काना खोडा."

"केसपेपर खोडता येत नाही. सिस्टर, याला बाहेर काढा."

आयाबाईनं दंड धरला. मी हललो नाही. मनात एकच होतं, पोलीस येईल, सुजाताले धक्का बसेल, अन् आजच इथंच काही होईल. माह्या हट्टापायी. तरी कागद सोडला नाही.

तवा सुजाता उठली. पदर डोक्यावरून खाली आला, तिनं नाही घेतला.

"पडले मॅडम. तिन्ही पडले. शेवटच्याचे हात दिसत होते. मी हातात घेऊन पाहिला."

हे मले माहीत नव्हतं. पोराले तरी माहीत होतं का, कोण जाणे. मी भिंतीकडं पाहिलं. शिकाऊ डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

मॅडमनं माफी मागितली नाही. शब्दावर रेघ मारली, वर 'पडले' लिहिलं अन् भराभरा तपासण्या लिहिल्या. रक्त गोठते कसं ते, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी. मंग म्हणाली, "नवऱ्याचंही रक्त लागेल. तीनदा झाल्यावर हे करायचंच असतं."

कराचंच असते! मंग आधी पोलीस कशाले? अन् बापाचं रक्त? माह्या बायकोच्या वक्ताले माहं रक्त कोणी मागितलंच नाही. साऱ्यांनी तिच्याच पोटाकडं बोट दाखवलं, मी बी.

बाहेर आलो तर तीच म्हातारी म्हणाली, "बरं बोल्ला गा बुढ्या." मले हसू आलं नाही. सुजाताच्या हातातून नळ्या भरून रक्त काढून राहिले होते, अन् ती माह्याकडं पाहत होती. पहिल्यांदा सरळ. "मामाजी, हा राहील का?" तिनं विचारलं. मी "राहील" म्हणलो नाही. मले माहीत नाही.

सोमवारी रिपोर्ट आहे. कडी वाजली का अजूनही तसंच होते. पण सोमवारी मी दाराशी उभा राहणार नाही. सुजाताच्या बाजूले बसीन, पोरगा आला तर त्याले बी बसवीन. ते तिघं काहून पडले, अन् हा राहावा म्हणून काय कराचं, हे मॅडमले तोंडानं, मराठीत, सुजाताकडं पाहून सांगा लागेल. सांगितल्याबिगर मी उठत नाही. आणा कोणाले आणाचं ते.