प्लाझ्माची दृष्ट

सरांच्या यंत्रात प्लाझ्मा फार वेळ टिकत नसे, आणि कोणी बघायला आलं की मुळीच टिकत नसे. पीएच.डी.ची सगळी वर्षं मी लखनौत या एका दुःखाशेजारी स्टूल टाकून बसले.

यंत्र म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरएवढा पोलादी मेदूवडा, त्याला तांब्याच्या वेटोळ्यांनी आवळलेलं. आतली हवा पंपानं काढून टाकायची, चिमूटभर आरगॉन सोडायचा आणि विजेचा झटका द्यायचा, या झटक्याला आम्ही शॉट म्हणायचो. त्या वायूच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि प्लाझ्मा तयार होतो. हे प्रकरण भलतं तापट. भिंतीला टेकलं की भिंत खराब होते आणि तेही गार होतं, म्हणून त्याला चुंबकांच्या जोरावर अधांतरी कोंडून ठेवायचं. ‘धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय’ ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमच्याच विषयात काम केलं असणार. हे कोंडणं नीट जमलं तर सूर्यात निघते तशी ऊर्जा काढून वीज करता येईल, म्हणून जगभर मोठमोठी माणसं त्यामागे लागली आहेत. आमचा मेदूवडा वीजबीज काही करणार नव्हता. प्लाझ्मा किती वेळ थांबतो आणि कुठून सटकतो, एवढंच तो सांगायचा. आणि बहुतेकदा प्लाझ्मा लगेच सटकायचा.

सर मूळचे सांगलीचे, मीही तिकडचीच. हे यंत्र त्यांनी तरुणपणी इकडून तिकडून सामान जमवून उभं केलं होतं. आता ते मार्चमध्ये निवृत्त होणार होते, आणि त्यांच्यानंतर यंत्र ठेवायचं की भंगारात काढायचं हे ठरवायला एक समिती येणार होती. खोलीवर परीक्षा विभागाचा डोळा होता, त्यांना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती. सर म्हणायचे, काढू दे भंगारात, माझं काय जातंय. पण काकू म्हणाल्या की हल्ली ते दुसऱ्यांदा भात घेत नाहीत. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. विकास नगरमधून लखनौच्या निम्म्या भाजीवाल्यांना त्यांनी ‘भैया, कोथिंबीर फुकट दो’ एवढं मराठी-हिंदी शिकवलं होतं. सर डबा विसरले की त्या ई-रिक्षात बसून डबा घेऊन यायच्या, दारातूनच द्यायच्या आणि परत जायच्या. आत यायची त्यांना सोयच नव्हती. सरांचं सोवळं कडक. हातमोज्यांशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. मी एकदा केसांना तेल लावून आले तर त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं होतं. बोटाचा एक ठसा आत राहिला तरी आठवडाभर प्लाझ्मा घाण येतो, असं ते बजावायचे.

समिती यायच्या आदल्या दिवशी यंत्र उघडलेलं होतं. आत बघायची काच काळवंडली होती, ती पुसून बसवायची होती. हे काम आमच्या मिस्त्रीजींचं. ते तेलीबागहून यायचे, यंत्राचं हवं-नको बघायचे, आणि त्यांचं एक ठाम मत होतं: पाहुणे आले की शॉट फसतो तो चुंबकांमुळे नाही, नजर लागल्यामुळे. सर त्यांना हसायचे, पण घरी जाऊन तीच तक्रार करायचे. पाहुणा आला रे आला की पळालाच प्लाझ्मा.

दुपारी सर आणि मी समितीच्या चहापाण्याचं बघायला ऑफिसात गेलो होतो, नेमक्या तेव्हा काकू डबा घेऊन आल्या. पुढचं मला मिस्त्रीजींकडून कळलं, तेही सगळं होऊन गेल्यावर.

दारात अडवायला कोणी नव्हतं, तेव्हा काकू आत आल्या. पदराच्या गाठीला मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या होत्या. घरूनच ठरवून आल्या होत्या. गाठ सोडून मूठ भरली आणि यंत्रावरून ओवाळली. आल्यागेल्याची, पाप्या-चांडाळाची, समितीची, परीक्षा विभागाची, कोणाची म्हणून शिल्लक ठेवली नाही. मिस्त्रीजी बाजूला हात जोडून उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण नजर उतरवणं ओळखायला भाषा कशाला लागते?

आता दृष्ट काढलेलं मीठ विस्तवात टाकावं लागतं. प्रयोगशाळेत विस्तव कुठला? काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून सर त्यांना सांगत आले होते की या यंत्रात जे असतं त्याच्यापुढे चुलीतला जाळ काहीच नाही. काच काढलेलं भोक समोरच होतं. काकूंनी मूठ आत सोडली. मिस्त्रीजींनी भक्तिभावानं काच बसवली, बोल्ट आवळले आणि पंप सुरू केला. मिरचीचा ठसका लागला नाही की दृष्ट जबर होती असं समजतात. पोलादात बंद करून हवा काढून घेतलेल्या मिरचीचा ठसका कोणाला लागणार? काकू समाधानानं घरी गेल्या. फार मोठी दृष्ट होती हो, असं त्या वाटेत रिक्षावाल्यालाही म्हणाल्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतली हवा नेहमीइतकी विरळ होईना. सर पंपाला बोलून मोकळे झाले. तेवढ्यात समिती आली. तिचे अध्यक्ष उंचेपुरे, जिना चढून दमलेले गृहस्थ होते. मागोमाग काकू चिवडा आणि लाडू घेऊन आल्या आणि पाहुण्यांदेखत त्यांना बाहेर थांबा म्हणणं सरांना जमलं नाही. एरवी आम्ही दिवे घालवून पाहुण्यांना सांगायचो की पापणी लववू नका. तरीही फिकट जांभळी झाक दिसली तर दिसली. बरेच जण आमच्या भिडेखातर ‘दिखा, दिखा’ म्हणायचे.

सरांनी बटण दाबलं. काचेतून असा पिवळाधमक लोळ उजळला की समितीचे चेहरे हळद लावल्यासारखे झाले. दिवे घालवायचंही कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, तरी लख्ख दिसलं. अध्यक्ष उभे राहिले. पुन्हा दाखवा म्हणाले. पुन्हा तेच.

समिती काचेकडे बघत होती आणि मी सरांच्या संगणकाकडे. त्या पडद्यावर प्रत्येक शॉटची एक रेघ उमटते, आणि ती जितकी लांब तितका प्लाझ्मा जास्त टिकला. इतकी आखूड रेघ मी तिथे आल्यापासून कधी पाहिली नव्हती. सरांनी टॉर्च घेऊन काचेतून आत पाहिलं. मग मलाही पाहू दिलं. तळाशी मोहरी सांडली होती आणि देठासकट एक मिरची निवांत पडली होती. मिठातलं सोडियम असं पिवळं जळतं हे सरांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी मिस्त्रीजींकडे पाहिलं. मिस्त्रीजी पंख्याकडे बघत होते. मग सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू लाडू वाढत होत्या.

मला वाटलं, आता गप्प बसावं या माणसानं. समिती खूश आहे, यंत्र वाचतंय, तोंड बंद ठेवायचं एवढंच काम. मी त्यांना डोळ्यांनी विनवलं. पण सरांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा जन्मजात आजार होता. त्यांनी समितीला सरळ सांगितलं की हा आजवरचा आमचा सगळ्यात वाईट शॉट आहे, आत मिठाची घाण गेली आहे, प्लाझ्मा टिकलाच नाही. एका सदस्यानं विचारलं की घाण आली कुठून.

“घर से,” सर म्हणाले.

अध्यक्षांनी लाडू संपवला. संशोधन तुमच्यानंतर कोणी पुढे नेणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. पण हे असं पिवळं दिसत असेल तर यंत्र इथेच राहू दे, पोरं येऊन बघतील, मी तसं लिहितो. फक्त ते असंच दिसायला हवं, मीठ घालून. चालेल?

सरांचा चेहरा पडला. जन्मभर हातमोजे घालून ज्याला जपलं, त्याला मीठ चोळून पोरांपुढे नाचवायचं, हे त्यांना भंगारापेक्षा वाईट वाटत होतं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

काकू ताट घेऊन काचेपाशी उभ्या होत्या. मिस्त्रीजींनी उत्साहात आणखी एक शॉट उडवला होता, आणि तो उजेड काकूंच्या चेहऱ्यावरून नुकताच गेला होता.

“अहो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “रविवारी, दिवाळीत, पोरगं तापानं फणफणलेलं असताना, तुम्ही हे बघायला येत होतात?”

सरांनी तिथे त्या फिकट झाकेपलीकडे कधीच काही पाहिलं नव्हतं. जन्मभर पडद्यावरच्या रेघा मोजल्या होत्या. इतका उजेड त्यांच्या यंत्रात त्या दिवशी पहिल्यांदाच पडला होता, आणि तो काकूंनीच टाकला होता.

“हो,” सर म्हणाले.

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या.

मग सर अध्यक्षांकडे वळून म्हणाले, “रहने दीजिए. ऐसे ही रहने दीजिए.”