अक्षता आणि सहा महिन्यांची वॉरंटी

निपाणीत माझा टायपिंगचा क्लास होता. नऊ टाइपरायटर आणि तीन भाषा. सरकारी नोकरीला कन्नड लागायचं, तंबाखूच्या वखारीतल्या पत्रव्यवहाराला इंग्रजी, आणि मराठी आपली घरची म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी क्लासमधल्या मुलीच विचारायला लागल्या, "बाई, कॉम्प्युटर कधी आणणार?" त्यांच्या आया घरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. आईचं सूप आपण मांडीवर घ्यायचं नाही, एवढं त्या मुलींनी पक्कं ठरवलेलं होतं.

कॉम्प्युटरची एक परीक्षा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिचं केंद्र निपाणीला मिळावं म्हणून मी बेळगावला तीन फेऱ्या मारल्या. परीक्षा मंडळाची अट एकच होती: परीक्षेच्या दिवशी मशीन चालू पाहिजे. बंद असेल तर केंद्र रद्द आणि मुलींची परीक्षा पुढच्या वर्षी. माझ्या आठ मुली होत्या. पुढच्या वर्षापर्यंत निम्म्यांची लग्नं झाली असती आणि उरलेल्यांच्या मांडीवर सूप आलं असतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मशीन मी बेळगावच्या एका दुकानातून बांधून घेतलं. तेव्हा कॉम्प्युटर सुटे भाग जोडूनही मिळायचा. दुकानदार कागद पुढे ओढून शिंप्यासारखा एकेक विचारत गेला. पडदा हिरव्या अक्षरांचा की पिवळसर? मेमरी किती? हार्ड डिस्क बसवायची? तिची किंमत ऐकून मी म्हटलं, "पुढचं विचारा."

"फ्लॉपी ड्राइव्ह एक की दोन?"

इथे मी अडले. हार्ड डिस्क नाही म्हणजे सगळा कारभार फ्लॉपीवर. सकाळी एक फ्लॉपी घालून मशीन जागं करायचं, मग ती काढून लिहायच्या प्रोग्रामची दुसरी घालायची. दोन ड्राइव्ह असते तर सोपं झालं असतं. पण मराठी आणि कन्नड अक्षरं पडद्यावर यायला एक वेगळं कार्ड लागायचं, आणि माझ्याजवळ दुसरा ड्राइव्ह किंवा ते कार्ड, दोन्हींतल्या एकाचीच सोय होती. मी कार्ड घेतलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "माणसाला दोन डोळे असतात. एक गेला तर दुसरा असतो." हे हायस्कूलात गणित शिकवायचे.

"तोंड एकच असतं," मी म्हटलं.

त्या उत्तरावर मी पुढचे सहा आठवडे खूश होते.

मशीन आणायला गेले तेव्हा प्रोग्रामच्या फ्लॉप्या दुकानदाराने स्वतःच नक्कल करून दिल्या. "याला वॉरंटी किती?" मी विचारलं. तो हसला. "सॉफ्टवेअरला कसली वॉरंटी, मॅडम? चाललं तर चाललं." मशीनला मात्र सहा महिन्यांची होती. वॉरंटीचं कार्ड इंग्रजीत होतं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी. मी काउंटरपाशी उभी राहून त्या सगळ्या वाचल्या. मागची गिऱ्हाइकं ताटकळली. एका अटीत लिहिलं होतं की गैरवापर झाल्यास वॉरंटी रद्द. दुसरीत, स्क्रूवरचं सील तुटल्यास रद्द.

"गैरवापर म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे पाणीबिणी सांडणं," तो म्हणाला आणि जांभळा शिक्का मारून मोकळा झाला.

आता आक्का. माझी मोठी जाऊ. आम्ही एकाच घरात, क्लास घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. आक्कांचं माहेर गोकाककडचं, त्यामुळे त्यांच्या अक्षता हळदीच्या, पिवळ्या. आमच्या सासूबाई होत्या तोवर घरात कुंकवाच्या लाल अक्षता असायच्या, आणि त्यावरून दोघींत दर सणाला धुसफुस व्हायची. सासूबाई गेल्या आणि घर पिवळं झालं. दर खंडेनवमीला आक्का माझ्या टाइपरायटरांना हळदीचं बोट लावायच्या, झेंडूचं फूल ठेवायच्या आणि बटणांवर अक्षता टाकायच्या. दसरा झाला की मी ब्रश घेऊन सगळं झाडून काढायची. टाइपरायटर बिचारे सगळं सोसायचे.

त्या वर्षी मी आधीच बजावलं. "आक्का, या मशीनला हळद नको, कुंकू नको, पाण्याचा थेंब नको. वर एक फूल ठेवा, बास."

"बरं गं," त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी मशीन चालू केलं. फ्लॉपी घातली. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, कर्र असा आवाज आला आणि थांबला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: फ्लॉपी वाचता येत नाही. दुसरी फ्लॉपी, तिसरी फ्लॉपी. तेच. परीक्षा शनिवारी होती.

मागे आक्का चहा घेऊन उभ्या होत्या. मी नुसतं वळून बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? हळद लावू नको म्हणालीस, लावली न्हाय. कुंकू लावलं न्हाय."

"मग काय केलंत?"

"तोंडात दोन दाणे घातलेत अक्षतांचे. सगळ्या मशिनींना दिलं आणि हे नवं उपाशी ठेवायचं व्हय?"

मी चहा घेतला नाही. मशीन आडवं केलं, उभं केलं, उलटं धरून हलवलं. काही पडलं नाही. बॅटरी मारून आत बघितलं, अंधारच दिसला. विणायची सुई हातात घेतली आणि परत ठेवली. उघडून बघावं तर मागच्या स्क्रूवर ते सील. उघडलं तर वॉरंटी जाणार, आणि न उघडता नेलं तर दुकानदार उघडणार, आतून तांदूळ निघणार, तरीही वॉरंटी जाणार. नवीन ड्राइव्हला माझ्याकडे काही उरलेलं नव्हतं. मुली चार वाजता सरावाला आल्या. वीज नाही असं मी त्यांना सांगितलं. डोक्यावर पंखा फिरत होता. एकीने वर बघितलं.

रात्री यांनी दोन डोळ्यांची आठवण काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

दुकानात फोन लावला तेव्हा "घेऊन या, बघू" एवढंच उत्तर मिळालं. गुरुवारी सकाळी मशीनचा मुख्य डबा चादरीत बांधला. आक्का लुगडं बदलून दारात उभ्या. "मी घातलंय, मी येणार." नको म्हणायची माझी इच्छा होती, पण डब्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच होतं.

बसमध्ये डबा दोघींच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी तो दोन्ही हातांनी उचलून धरायची. संकेश्वर गेल्यावर मी आक्कांना पढवायला सुरुवात केली.

"दुकानात तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"न्हाय बोलत."

"त्याने विचारलं तर मी सांगेन, आपोआप बंद पडलं."

"आणि तांदूळ?"

"त्याला सापडले तर बघू."

"खोटं बोलायचं तर नीट बोल गं. उंदरानं नेले म्हण."

उंदराचं मी गंभीरपणे मनात धरून ठेवलं, इथवर माझी मजल गेली होती.

दुकानात दुपारी साडेबाराला पोचलो. दुकानदाराने माझ्याकडे न बघता आधी कार्डाकडे बघितलं. कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. तारीख बघितली, शिक्का बघितला, तिथे खोट काढता येईना. मग डबा आतल्या टेबलावर गेला. मेकॅनिकने सील कापलं, झाकण काढलं, ड्राइव्ह बाहेर ओढला. त्याचं वरचं पत्र्याचं आवरण सोडवून त्याने ड्राइव्ह टेबलावर तिरका केला.

टक. टक. दोन तांदूळ पडले.

दुकानदाराने एक दाणा उचलला, उजेडात धरला. "मॅडम, हे काय?"

उंदीर मला सुचला नाही.

"पूजा केली की नाही खंडेनवमीला? दरवर्षी दसऱ्यानंतर एक-दोन केस अशा येतात. हे वॉरंटीत बसत नाही." त्याने कार्ड उलटं करून गैरवापराच्या ओळीवर बोट ठेवलं. "नवीन ड्राइव्ह घालून देतो. पण त्याचं बिल होईल."

"शनिवारी परीक्षा आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला केविलवाणा वाटला.

"म्हणूनच आज घालून देतो म्हणतोय."

मेकॅनिक दरम्यान चिमटा घेऊन आत कोरत होता. मागच्या बाजूला ग्रीसमध्ये काहीतरी रुतलं होतं. त्याने ते काढून कागदावर ठेवलं, मग आणखी एक, मग आणखी. असे पाच निघाले, आणि आधीचे दोन शेजारी ठेवल्यावर कागदावर सात दाणे झाले. "सर, फ्लॉपी वाचणारा भाग पुढंमागं सरकतोय ना, तिथं ह्यातला एक अडकला होता," तो म्हणाला.

आक्का इतका वेळ स्टुलावर बसून होत्या. त्या उठल्या, कागदावर वाकल्या. मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"हे माझे न्हाईत."

"आक्का."

"तू गप. हे दोन पिवळे माझे. मी घातलेत, देवाशपथ, दोनच घातलेत. आणि हे लाल कुणाचे?"

मी बघितलं. ग्रीसने काळपट झालेले होते, पण एका बाजूने कुंकवाचा रंग स्पष्ट दिसत होता.

"तुमच्याच घरचे असतील, मावशी," दुकानदार म्हणाला. "हळदकुंकू सगळं एकच."

"एकच कसं? माझी सासू लाल करायची. तिला जाऊन चार वर्सं झाली. तवापास्नं आमच्या घरात कुंकवाची अक्षता न्हाय. विचारा हिला." मग त्यांनी एक दाणा नखाने उलटा केला. "आणि हे तुकडा तांदूळ हाईत. मी देवाला तुकडा वाहत न्हाय."

"कंपनीतूनच असं आलं असेल, आम्हाला काय कल्पना?"

मेकॅनिक हळूच म्हणाला, "ड्राइव्ह तैवानचा आहे, सर."

"मग तैवानात खंडेनवमी करत्यात व्हय?" आक्का म्हणाल्या.

बाहेर काउंटरपाशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक मोठ्याने हसलं. दुकानदाराला हसू आलं नाही. आता मला बोलता यायला लागलं होतं. मी म्हटलं, "माझ्या मशीनने आजवर एकच खंडेनवमी बघितली आहे, या सोमवारची. या ड्राइव्हने त्याआधीची बघितली आहे, कुणाच्या तरी ऑफिसात. तुम्ही मला नवा म्हणून जुना घातलात. कार्डावर याची अट कुठली आहे ती दाखवा."

त्याने कार्ड पुन्हा उलटं केलं नाही. मेकॅनिककडे बघितलं, मेकॅनिक स्क्रू मोजत होता. मग कपाटातून एक बंद खोकं आलं. ते मी माझ्यासमोर फोडायला लावलं, आत बॅटरी मारून बघितली, ड्राइव्हवरचा नंबर कार्डावर लिहून घेतला आणि त्यावर शिक्का मागितला. सहा महिने आजपासून धरा असंही म्हटलं. ते तो म्हणाला जमणार नाही, वॉरंटी खरेदीच्या तारखेपासूनच. तेवढं मी सोडलं. पण कागदावरचे ते सात दाणे पुडीत बांधून मागून घेतले. नवा ड्राइव्हही उद्या बिघडला तर दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. पुडी आक्कांनी कनवटीला लावली.

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. जागी झाले ती संकेश्वरच्या पुलावर. आक्कांनी खिडकीतून हात बाहेर काढलेला होता.

"काय केलंत?"

"हिरण्यकेशीत सोडले. देवाला वाहिलेलं असं कनवटीला घेऊन हिंडायचं न्हाय. पायाखाली आलं म्हणजे?"

"आक्का, तो पुरावा होता!"

"असू दे की. अक्षताच की गं त्या," त्या म्हणाल्या. "कुणाच्या का असेनात."

मी डबा घट्ट धरून बसले. शुक्रवारी मुलींनी आठ तास सराव केला आणि दर वेळी लाल दिवा लागला की मी कर्र आवाजाकडे कान लावून बसले. आता तो थांबला तर माझ्याकडे एक शिक्का मारलेलं कार्ड होतं, आणि त्या कार्डाचा जोर किती, हे मी बघून आले होते.

शनिवारी परीक्षक बेळगावहून दहाच्या बसने आले. त्यांनी सगळ्यांत आधी मशीन बघितलं. पहिल्या मुलीने फ्लॉपी घातली, ड्राइव्हची मूठ खाली केली. दिवा लागला. आवाज आला, थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली. एकामागून एक आठही जणी त्या एकाच मशीनवर परीक्षेला बसल्या. संध्याकाळी साडेपाचला आठवीने फ्लॉपी काढून परीक्षकांच्या हातात दिली, तेव्हा सकाळपासून आपण खुर्चीत बसलोच नाही हे माझ्या लक्षात आलं.

आठपैकी सहा पास झाल्या. केंद्र राहिलं. सहा महिने संपल्यावर तिसऱ्याच आठवड्यात पडदा गेला. तो मी निपाणीतल्याच रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून नीट करून घेतला, कार्ड शोधलंसुद्धा नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी ड्राइव्हच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. आक्कांनी ती बघितली आणि दोन पिवळे दाणे पट्टीवर ठेवले.